टाचेखालचं गवत

माझा बाप माझ्या गवतावर थुंकला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि किनाऱ्यावर तेवीस माणसं उभी होती. तेवीसच्या तेवीस मला लहानपणापासून ओळखणारी. त्यामुळे लाज वाटायला जागा भरपूर होती.

झालं होतं असं. मांडवखोलच्या किनाऱ्याला दोन महिन्यांनी बांगडा लागला होता. रापण सोडली होती. ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जायचं, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि दोन रांगांनी पाठीमागे चालत चालत ते जाळं मासळीसकट वाळूवर ओढायचं. यंत्र नाही, चाक नाही. माणसांचे हात आणि वाळूत रुतवलेल्या टाचा. दोन्ही बाजू सारख्या वेगाने आल्या तरच जाळं सरळ येतं. त्या सकाळी उत्तरेकडचा दोर गवताच्या एका जाड बुंध्यात अडकला. ती बाजू थांबली, दुसरी ओढत राहिली, जाळं दुमडलं आणि सगळा बांगडा बाजूने निघून गेला.

"तुझ्या गवतान माझो दोर धरल्यान," बाबा म्हणाले. "समुद्रान धरलो असतो तर गप रवलो असतंय."

बाबा म्हणजे बाबल कुबल, रापणीचे तांडेल. तांडेलाच्या शब्दावर दोर सुटतो आणि थांबतो. आणि मी शमिका कुबल, वनस्पतिशास्त्रज्ञ, त्या गवताची आई. निदान सरकारी कागदांवर तरी तसंच मानतात.

हे गवत मुळात आमच्याकडचं नाहीच. आइसलंड, नॉर्वे अशा थंड देशांच्या किनाऱ्यांवर ते रानटी वाढतं. निळसर हिरवं, हातभर लांब पात्याचं, वर्षानुवर्षं जगणारं. शिक्षणासाठी मी आइसलंडला दोन वर्षं होते. तिथे उडत्या वाळूखाली गावं गाडली जायची, आणि लोकांनी हेच गवत लावून ती वाळू थांबवली. कुठल्याही झाडाला वाळूत पुरलं तर ते गुदमरतं. हे मात्र पुरलं की वाढतं. अंगावर वाळू पडली की याच्या जमिनीखालच्या खोडाला अंधार आणि दाब जाणवतो, ते वर सरकतं, नव्या पेरातून नवी मुळं सोडतं आणि ती वाळू धरून ठेवतं. वारा पुन्हा वाळू आणतो, गवत पुन्हा वर येतं. अशी वर्षाला हात-दीड हात उंचीची टेकडी तयार होते, आणि ती आतून मुळांनी शिवलेली असते. समुद्र अशा टेकडीवर डोकं आपटतो आणि परत जातो.

अडचण एकच, आपलं ऊन. उन्हाने पेशींमधली प्रथिनं विस्कटतात आणि थंडीतलं झाड आठवड्यात करपतं. पण उष्ण किनाऱ्यांवरच्या गवतांमध्ये ही प्रथिनं पुन्हा नीट घडी घालून ठेवणारी मदतनीस प्रथिनं असतात. त्यांचे जनुक आम्ही उत्तरेच्या गवतात घातले. बी धरणार नाही अशी सोय केली, म्हणजे वाऱ्याने कुठे भलतीकडे पसरायला नको. सात वर्षं लागली. २०३८ साली मी ते पहिल्यांदा लावलं कुठे, तर माझ्याच गावात. गावाचे चार माड आणि दोन घरं तोवर समुद्राने खाल्ली होती.

२०४१ च्या वैशाखात वादळ आलं. शेजारच्या दोन वाड्यांत चुलीपर्यंत पाणी गेलं. मांडवखोलमध्ये पाणी टेकडीपाशी थांबलं. तेव्हा याच बाबांनी गावभर पेढे वाटले होते आणि 'माझ्या चेडवाचा गवत', लेकीचं गवत, म्हणून पाहुण्यांना हात धरधरून दाखवलं होतं. माझ्या बापाचा राग आणि कौतुक दोन्ही असं जाहीरच असतं.

रापणीसाठी मी जागा सोडली नव्हती असं नाही. गावाच्या उत्तरेला दीडशे पावलं रुंदीची पट्टी मोकळी ठेवली होती. तिच्यामागे कातळाचा चढ आहे, समुद्राला आत घुसायला वाटच नाही. दोन्ही बाजूंना गवत, मध्ये रापण. नकाशावर फार सुंदर दिसायचं ते. माझ्या हिशेबाने त्या पट्टीत गवत दहा वर्षांत चार हातही शिरायला नको होतं. पाच वर्षांत दोन्ही बाजूंचं गवत मध्ये येऊन एकमेकांना भेटलं.

थुंकण्याच्या प्रसंगानंतर मी पट्टीतली वाळू खणून तपासली. टेकडीखालची वाळू नापीक होती, मी गृहीत धरली होती तशीच. पट्टीतल्या वाळूत मात्र नत्र आणि स्फुरद इतकं होतं की एखाद्या भाजीच्या मळ्याला हेवा वाटावा. मी यंत्र बिघडलं म्हणून दुसऱ्यांदा तपासलं. मग खड्ड्यातून माशाचा एक काटा वर आला आणि मी कपाळावर हात मारून तिथेच बसले.

रापणीत येणारी सगळीच मासळी खायची नसते. चिंबलेली, बोटाएवढी, विषारी, नको असलेली अशी पाटीभर उरते. ती कुजून वास मारू नये म्हणून जागच्या जागी वाळूत पुरतात. आजोबांच्याही आधीपासून पुरतात. हे काम पोरांचं. म्हणजे लहानपणी माझंच. पायाने खड्डा करायचा, मासे ओतायचे, वर उड्या मारायच्या. मी सात वर्षं जनुकांची अक्षरं मोजली, तीन देशांचे अहवाल वाचले, आणि स्वतःच्या हातांनी पुरलेले मासे विसरले. दुसऱ्या कुणा शास्त्रज्ञाला हे ठाऊक नसतं तर क्षम्य होतं. मला नाही.

आठवड्याने किनारा विभागाचे निंबाळकर साहेब आले. फलटणकडचे, सरळ माणूस. त्यांनी पट्टी पाहिली, नकाशा पाहिला आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"मॅडम, नियम तुम्हाला ठाऊक आहे. जिथे गवताने वाळू धरली ती संरक्षित टेकडी. तिथे कुंपण आणि प्रवेश बंद. आजच्या तारखेला इथे मोकळी पट्टी नाही."

"आम्ही ती मोकळी करू."

"कशी? तुमच्याकडे ते मारायचं औषध आहे ना?"

"आहे. पण दोन्ही बाजूंचं गवत आता जमिनीखालून जोडलं गेलंय, साहेब. ते एकच झाड झालंय. इथे औषध मारलं तर आतून सगळीकडे जाईल आणि दोन्ही टेकड्या मरतील."

"मग जेसीबी लावा."

"एका खोडाचे शंभर तुकडे होतील आणि शंभराचे शंभर उगवतील."

साहेबांनी टोपी परत घातली. "मी पंचेचाळीस दिवसांनी शेवटची मोजणी करणार आहे. त्या दिवशी पट्टी मोकळी दिसली तर नकाशावर मोकळी राहील. नाहीतर रेघ सरळ जाईल. मला वाईट वाटेल, पण रेघ सरळ जाईल."

बाबा मागे उभे राहून सगळं ऐकत होते.  रापण गेली तर ते काय करतील, हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारला. हा माणूस दुसरं काही करताना मी कधी पाहिलेलाच नव्हता. 

दुसऱ्या दिवशी मी पट्टी पावलापावलाने चालले. सगळीकडे गवत होतं. फक्त दोन ठिकाणी, एकेका खोलीएवढ्या जागेत, वाळू उघडी होती. मी चक्रावले. मासे तर तिथेही पुरलेले होते. मग दोराचे खुंट दिसले आणि लख्ख उजेड पडला. हल्ली रापण महिन्यातून एकदोनदाच पडते, पण दर वेळी दोर ओढायला सुरुवात होते ती तिथूनच. सगळ्यात जास्त जोर लागतो तोही तिथेच. ओढणारा मागे रेलतो आणि टाच वाळूत चार बोटं खोल रुतवतो. या गवताचा वाढता कोंब नेमका चार बोटं खाली असतो. टाच त्याला तोडत नाही, चिरडते. तोडलं तर दोन होतात, चिरडलं तर कोंब पुन्हा नव्याने करावा लागतो.

आणि हे गवत मूर्ख नाही. एखाद्या फांदीला पुन्हापुन्हा अन्न पाठवूनही तिकडून हिरवं पान येत नसेल तर ते तिथला पुरवठा बंद करतं. खोडात बूच बसतं आणि पुढचा भाग उपाशी मरतो. प्रयोगशाळेतल्या कुंड्यांत मी हे पाहिलं होतं. अडतीस दिवस लागले होते.

म्हणजे अडतीस दिवस, रोज, पट्टीच्या प्रत्येक हातभर जागेत, ओढणाऱ्याची टाच पडायला हवी. मासळी असो वा नसो. आणि पुरायची मासळी पट्टीत न पुरता टेकडीच्या पायथ्याशी पुरायची, म्हणजे गवताला तिकडे खायला मिळेल आणि इकडे उपास घडेल. तेवीस माणसांनी एवढी पट्टी होत नव्हती. मला साठ हवी होती.

संध्याकाळी मांगरात बैठक बसली. मांगर म्हणजे रापणीची जाळी ठेवायची झोपडी. मी सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, हे वाईट लक्षण होतं.

"मासळी नसताना रापण ओढूची?" बाबा म्हणाले. "रिकामी रापण? रोज? गो, आजूबाजूच्या बंदरांवरची लोका माका पिसो म्हणतली."

"म्हणू देत."

"आणि साठ माणसा खयसून हाडतलंस? अर्धो गाव मुंबैक."

"अर्धा गाव इथेच आहे, बाबा. तुम्ही त्याला मोजत नाही."

मांगराच्या दाराशी बायका उभ्या होत्या. रापणीची मासळी त्याच विकतात. पण दोराला बाईचा हात लागत नाही, ही आमच्या बंदराची जुनी रीत. कारण विचारलं तर कुणी सांगत नाही. खरं कारण मला ठाऊक आहे. ज्याचा हात दोराला त्याला मासळीचा वाटा, हा रापणीचा कायदा. बाईने हात लावला तर तिचा वाटा काढावा लागेल. लहानपणी एकदा मी लपूनछपून दोर धरला होता. बाबांनी माझी बोटं एकेक करून सोडवली होती, रागावून नाही, हळूच. ते मला जास्त लागलं होतं.

"बायल माणसा दोराक हात लावणत नाय," बाबा म्हणाले.

रोहिणीकाकी पुढे आली. माझी सख्खी काकी, साठीची, बाजारात जिच्यापुढे गिऱ्हाईक भाव करायला धजत नाही अशी. "भावजींनू, चाळीस वर्सा तुमची मासळी डोक्यार घेवन बाजारात जातंय. तेवा माझो हात चलता. मगे दोराक कित्याक चलना नाय?"

बाबांनी जाळ्यांकडे तोंड फिरवलं.

"आणि रापण गेली तर मी काय इकू? तुमची रीत इकू?"

बाबा उठून बाहेर गेले. तांडेल उठला की बैठक संपते. झालं, संपलं, असं सगळ्यांना वाटलं. मला राग आला होता, आणि माझा राग बापाकडूनच आलेला आहे, तो लवकर विझत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच पट्टीवर गेले. खुंटाला दोर बांधला, मागे रेलले आणि टाचा रुतवत रिकामा दोर ओढू लागले. तासाभरात हात सोलले. एका माणसाच्या टाचांनी एवढीशी वाळू झाली. माड चढणारे वरून बघत होते. मग रोहिणीकाकी आली. लुगड्याचा काष्टा आवळून तिने माझ्यामागे दोर धरला. मग तिच्या दोन सुना आल्या. नऊ वाजता आम्ही अकराजणी होतो आणि ओढत होतो काय, तर खुंट.

बाबा साडेनऊला आले. कमरेवर हात ठेवून आमच्या पायांकडे बघू लागले.

"पाय चुकतत," ते म्हणाले. "डावो आधी. अशान कंबर जायत तुमची." आणि मग मागे वळून ओरडले, "रे, होडी काढा! खुंट काय ओढतत? जाळा टाका!"

त्या दिवशी रिकामी रापण आली. एक खेकडा आणि एक चप्पल. आम्ही चौतीस जण होतो. आठवड्याने अठ्ठावन्न. शेजारच्या बंदरावरचे लोक होड्या घेऊन आमची गंमत बघायला यायचे आणि 'बाबल, चप्पल किती गावली?' म्हणून विचारायचे. बाबा त्यांना एवढंच म्हणायचे, "एका पायाची गावली, दुसरी हाडलंस काय?" दर दिवशी खुंट चार हात सरकवायचे, म्हणजे टाचा नव्या वाळूवर पडायच्या. संध्याकाळी उरलेल्या पट्टीतून आम्ही नुसत्याच रांगा करून मागे मागे चालायचो. माझ्या तळव्यांना घट्टे पडले. सूक्ष्मदर्शकाची बारीक चकती फिरवताना बोटं जड वाटू लागली, आणि मला त्याचं खरं सांगायचं तर अप्रूप वाटलं.

पंधराव्या दिवशी पाती पिवळी पडली. पंचविसाव्या दिवशी बहुतेक पट्टी तपकिरी झाली. मी एक खोड खणून उभं चिरलं. पेरात करडं बूच धरायला लागलं होतं. मी ते सगळ्यांना दाखवलं. काकीने ते कपाळाला लावलं.

एकोणतिसाव्या दिवशी मांगरासमोर हिरवागार ठिपका दिसला. गोल, पाटीएवढा. कोंब टुणटुणीत. शेजारचं सगळं वाळलेलं आणि हा मध्येच हसत उभा. मी बोट घातलं तर आत ताजे मासे.

"कोणी पुरले?" मी ओरडले. "शंभर वेळा सांगितलं होतं, टेकडीपाशी पुरा म्हणून! कोणी पुरले?"

 मग बाबांनी हातातला दोर खाली ठेवला.

"मी पुरलंय," ते म्हणाले. "परवा. पाटी हातात होती, पायान खड्डो केलो. ध्यानातच रवला नाय." आपल्याच पायाकडे बघत ते म्हणाले, "पाय गेलो गो. साठ वर्सांची सवय."

मला खूप काही बोलायचं होतं. पण मीही तर तेच विसरले होते. फरक इतकाच, की त्यांना कबूल करायला घटकाभर वेळ लागला आणि मला एक आठवडा. मोजणीला सोळा दिवस उरले होते आणि त्या ठिपक्याला नव्याने अडतीस लागणार होते. तो एक ठिपका उपाशी पट्टीला अन्न पुरवत राहिला असता आणि सगळ्या कोंबांनी पुन्हा डोकं वर काढलं असतं.

"खणून काढू," मी म्हणाले.

"तुकडे उगवतत म्हणालंस."

"उगवतात. म्हणून एकही तुकडा ठेवायचा नाही. सगळी पट्टी खणता येणार नाही, पण पाटीएवढी जागा येईल. वाळू चाळायची."

"चाळूची कशान?" काकीने विचारलं.

बाबा मांगरात गेले आणि पेडव्यांचं जाळं घेऊन आले. पेडवे म्हणजे बोटाएवढे मासे. त्या जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, इतके बारीक की वाळू पडते आणि काडी अडकते. ते त्यांच्या वडिलांच्या हातचं होतं. चार बायकांनी चार कोपरे धरले. दोन दिवस आम्ही पुरुषभर खोल खड्ड्यातली वाळू पसापसा करून त्यातून चाळली. प्रत्येक तुकडा बाबांनी स्वतः वेचला, चष्मा लावून, नखाएवढे सुद्धा. तीन डबे भरले. ते चुलीत घातले. चाळता चाळता जाळं फाटलं. बाबांनी ते घडी करून परत ठेवलं.

मग उरलेले दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ दोनदा रापण ओढली.

पंचेचाळिसाव्या दिवशी निंबाळकर साहेब आले तेव्हा आम्ही एकसष्ट जण दोरावर होतो आणि थांबायला सवड नव्हती. जाळ्याला वजन लागत होतं. बाबा दोन्ही रांगांच्या मध्ये उभे राहून हातवारे करत होते. साहेब बूट काढून पट्टी चालले. दोन्ही टोकांना टेकड्या हिरव्या, आणि मध्ये दीडशे पावलं उघडी वाळू, टाचांच्या खळग्यांनी भरलेली. त्यांनी चार ठिकाणी खणून पाहिलं. खोडं हातात आली ती पोकळ.

"आज मोकळी आहे," ते म्हणाले. "तशी नोंद करतो. पण मॅडम, हे गवत मेलेलं नाही. शेजारी जिवंत आहे. तुम्ही सोडलंत की परत येणार."

"येणारच. ते काही आमच्यावर रुसून गेलेलं नाही."

"मग हे रोज कोण ओढणार?"

उत्तर मी देणार होते, पण जाळं आलं. बांगडा होता. सगळा बांगडा नव्हे, पण वाळू चांदीसारखी दिसावी इतका. माणसं ओरडली. काकी मटकन खाली बसली आणि चक्क रडली. मीही रडले, लपवत नाही.

वाटे घालायचं काम तांडेलाचं. बाबा ओणवे झाले आणि वाळूवर मासळीचे ढीग मांडू लागले. होडीचा, जाळ्याचा, मग माणसांचे. नाव घ्यायचं आणि ढीग घालायचा. नेहमीची तेवीस नावं झाली. बाबा क्षणभर थांबले. सगळे बघत होते. साहेबही.

"रोहिणी," बाबा म्हणाले आणि ढीग घातला. मग तिच्या सुना. मग एकेक बाई, एकही नाव न विसरता. शेवटी त्यांनी कंबर सरळ केली, माझ्याकडे न बघता आणखी एक ढीग घातला आणि म्हणाले, "शमिका."

मग ते साहेबांकडे वळले. "रोज कोण ओढतलो विचारलात ना? ज्येका ज्येका वाटो असा, तो."

साहेबांनी टोपी काढली आणि नकाशावर रेघ वाकवली.

मी माझा वाटा ओच्यात घेतला. वळणार इतक्यात बाबांनी उरल्यासुरल्या मासळीची पाटी उचलून माझ्या दुसऱ्या हातात दिली. त्यांचा पाय वाळूत खड्डा करायला निघाला होता, तो त्यांनी हवेतच थांबवला आणि टेकडीकडे बोट केलं.

"जा," ते म्हणाले. "तुझ्या गवताक जेवूक घाल."